भाव आणि भविष्य

एखाद्याचे भविष्य खोटे ठरले आणि त्यावर विसंबणारे लोक बुडाले, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. ज्योतिषी चुकला, वैद्य चुकला, सेनापती चुकला, आणि त्याचे प्रायश्चित्त इतरांनी भोगले, अशा कथांनी इतिहास भरलेला आहे. परंतु भविष्य अक्षरशः खरे ठरावे आणि तरीही त्यावर विश्वास ठेवणारेच तेवढे बुडावेत, हा प्रकार विचार करावयास लावणारा आहे. येथे सांगणाऱ्यास खोटारडा म्हणता येत नाही, आणि ऐकणाऱ्यास मूर्ख म्हणावयास जीभ रेटत नाही. मग दोष कोणाचा? गेली वीस-पंचवीस वर्षे हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मनात घर करून बसला आहे, आणि त्याचे कारण केवळ तात्त्विक नाही, हे पुढे दिसून येईलच.

ज्या भविष्याविषयी मी लिहीत आहे ते पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केप नावाच्या एका अमेरिकन कंपनीचे शेअर २८ डॉलर भावाने विक्रीस निघाले, आणि त्याच दिवशी बाजार बंद होताना तो भाव ५८ डॉलरांच्या वर गेलेला होता. कंपनीचे वय पुरते दीड वर्षही नव्हते, आणि नफ्याचे तोंड तिने अद्याप पाहिले नव्हते. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्य माणसास इंटरनेटचे दार उघडले. पुढील पाच वर्षांत जे काही भाकीत करण्यात आले त्याचा सारांश असा: दुकान घरात येईल, पत्र क्षणात पोहोचेल, वर्तमानपत्र कागदाविना वाचता येईल, बँक खिशात मावेल, खेड्यातला मनुष्य आणि राजधानीतला मनुष्य यांच्यातील अंतर नाहीसे होईल. यातील शेवटचे कलम वगळले तर बाकीचे सारे खरे झाले आहे, आणि तेही भाकीत करणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा अधिक प्रमाणात.

आता त्या भाकितावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांचे काय झाले ते पाहावे. पाळीव प्राण्यांचे खाद्य घरपोच पाठविणाऱ्या पेट्स डॉट कॉमने फेब्रुवारी २००० मध्ये ११ डॉलर भावाने शेअर विकले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दुकानास कुलूप लावले. किराणा घरपोच करणारी वेबव्हॅन जुलै २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या अमेरिकन बाजारात असल्या कंपन्यांचे शेअर विकले जात, त्या नॅस्डॅकचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर आला. शंभरांतील अठ्ठ्याहत्तर रुपये नाहीसे झाले असे समजावे. आपल्याकडे, मुंबईत १९९५ साली सुरू झालेली इंडियावर्ल्ड ही संस्था सत्यम इन्फोवेने नोव्हेंबर १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला, तेव्हा कित्येक घरांत त्या आकड्यावर रात्रीच्या जेवणाच्या वेळी चर्चा झाली असेल. खोज, खेल, समाचार आणि बावर्ची अशी साधी नावे असलेली ती संकेतस्थळे होती. मुंबईचीच रेडिफ जून २००० मध्ये १२ डॉलर भावाने अमेरिकेच्या बाजारात गेली, म्हणजे घसरण सुरू झाल्यानंतर. ती कंपनी त्या लाटेत बुडाली नाही. परंतु ज्यांनी त्या बाजारातील असलेनसले सर्व काही सोने म्हणून घेतले होते, त्यांची गोष्ट वेगळी.

या साऱ्या प्रकाराची थट्टा करणे आज फार सोपे झाले आहे. नफा नाही, तरी किंमत आहे. मग किंमत कशाची? तर संकेतस्थळावर येऊन जाणाऱ्या डोळ्यांची! दुकानदाराने गल्ला न मोजता दारावरून जाणाऱ्या वाटसरूंची गणती करावी आणि त्यावरून सावकाराने त्यास कर्ज द्यावे, असा हा व्यवहार होता. पण थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाटसरूंची ती गणती निरर्थक नव्हती. आज जगातील अत्यंत धनाढ्य कंपन्यांपैकी काही त्याच गणतीवर श्रीमंत झालेल्या आहेत. डोळ्यांना किंमत असते, हा सिद्धान्त खरा ठरला. चूक असलीच तर ती सिद्धान्तात नव्हती.

मी ज्या गावात राहतो त्या नंदुरबारात हिवाळ्याच्या दिवसांत गावाबाहेर मैलभर लाल रंग पसरलेला दिसतो. ही मिरचीची पथारी. शेतकरी ओली लाल मिरची बाजारात आणतो, लिलाव होतो, व्यापारी ती घेतो आणि उन्हात पसरतो. स्त्रिया देठ खुडीत बसलेल्या असतात. ठसका लागल्यावाचून त्या वाटेने जाता येत नाही. वाळल्यावर तिचे वजन चौथाई-तिहाईच्या आसपास उरते. म्हणून लिलावात उभा असलेला व्यापारी मिरची हातात घेतो तेव्हा तो मिरची पाहत नसून तिच्यातील पाणी पाहत असतो. आणि पाणी जोखून झाले की मान वर करून आभाळाकडे पाहतो. कारण मिरची कितीही उत्तम असली तरी ती वाळण्यास काही दिवस लागणार, आणि तेवढ्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर पथारीवर काळी पडलेली मिरची कोणी फुकटही नेणार नाही. मिरची तिखट आहे हे त्याचे अनुमान खरे असते; पण त्या खरेपणाचा उपयोग त्यास तिच्या वाळण्यापर्यंत टिकून राहता आले तरच. या दोन गोष्टी, पाणी किती आणि वेळ किती, आमच्या बाजारातील निरक्षर मनुष्यासही समजतात. १९९९ साली न्यूयॉर्कमधील अत्यंत विद्वान मंडळींनी त्या का विसराव्यात, याचे मला फार दिवस कोडे होते.

आणि तसे पाहिले तर हे विस्मरण आपल्याकडेही नवे नाही. आमचा खानदेश कापसाचा मुलूख. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसास सोन्याचे मोल आले. त्या चार वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले असे सांगतात. खेड्यापाड्यांतील कास्तकारांनी बैलगाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, ही आख्यायिका तेव्हापासूनची आहे. ती खरी असो वा नसो, लोकांस ती खरी वाटावी एवढी सुबत्ता होती खरी. या पैशातून मुंबईत बँका, विमा कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले. त्यांत सर्वांत मोठे नाव बॅक बे कंपनीचे. तिच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला होता.

या कंपनीचे भाकीत काय होते? मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील उथळ समुद्र भरून काढला तर त्या जमिनीस अपरंपार किंमत येईल, हे. आज मरीन ड्राइव्ह व नरीमन पॉइंट ही स्थळे ज्याने पाहिली आहेत त्याने सांगावे, हे भाकीत खोटे ठरले काय? त्याच उपसागरात पुढे विसाव्या शतकात भराव घालून झालेल्या जमिनीचा चौरस फूट आज कोणत्या भावाने विकला जातो, हे मी येथे लिहीत नाही. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास तो आकडा वाचूनच भोवळ येते. (१९२० नंतरच्या दशकातील भरावाच्या कामांतील उधळपट्टी ज्यांनी चव्हाट्यावर आणली, त्या खुर्शेद नरीमन यांचेच नाव पुढे त्या जमिनीच्या टोकास देण्यात आले, हा दैवाचा एक मासलेवाईक विनोद आहे.) तरीही १८६४ साली ज्याने बॅक बेचा शेअर घेतला, तो धुळीस मिळाला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ही वायद्यांची मुदत उजाडली. त्या दिवशी ज्यांनी शेअर घेण्याचे कबूल केले होते त्यांच्यापाशी पैसे नव्हते. बॅक बेचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली गेला. आशियाटिक बँक १८६६ साली बुडाली आणि १८६८ साली मुंबईची जुनी बँक ऑफ बॉम्बे मोडीत निघाली. शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांचेही वैभव गेले. मात्र १८६४ साली त्यांनी विद्यापीठास दिलेली देणगी टिकली, आणि तिच्यातून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

येथे आपणांस एक समाधान सांगण्यात येते, आणि ते सांगणारे लोक सामान्य नाहीत. अर्थशास्त्राचे मोठमोठे पंडित आहेत. ते म्हणतात, व्यक्ती बुडाल्या हे खरे, पण समाजाचे कल्याण झाले. वेडाच्या भरात जो पैसा ओतला गेला त्यातून मागे काही तरी चिरस्थायी उरले. या म्हणण्यास पुरावा आहे हे मी नाकारीत नाही. १९९८ ते २००१ या काळात समुद्राच्या तळाशी काचतंतूंच्या ज्या तारा टाकण्यात आल्या, त्या टाकणाऱ्या कित्येक कंपन्या नष्ट झाल्या. तारा मात्र तेथेच राहिल्या. टायको या कंपनीने अब्जावधी डॉलर खर्चून पसरलेले असे एक जाळे विदेश संचार निगमाने, म्हणजे तेव्हा टाटांकडे आलेल्या त्या कंपनीने, २००५ साली अवघ्या १३ कोटी डॉलरांस घेतले. दुसऱ्याच्या दिवाळखोरीतून स्वस्तात हाती आलेल्या असल्या तारांचा, आपल्या देशातील तरुणांनी बंगळूर-पुण्यात बसून परदेशाची कामे केली, त्यास केवढा हातभार लागला असेल! आमच्या जिल्ह्यातील टेंभली या खेड्यात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. ज्या जिल्ह्याचे नाव नकाशात शोधावे लागे, तेथे एका यंत्राने एका आदिवासी स्त्रीच्या बोटांचे ठसे घेऊन ते दूरच्या कोठारात पाठविले. भाकीत करणारांपैकी कोणाच्या स्वप्नातही टेंभली नसेल. परंतु भाकीत तेथवर पोहोचले.

हे सारे मान्य करूनही हे समाधान मला पचत नाही. समाजाचे कल्याण झाले असे आपण म्हणतो, तेव्हा ज्याचे गेले तो आणि ज्यास मिळाले तो, हे दोघे एकच मनुष्य असल्यासारखे बोलतो. ते तसे नसतात. इतिहासाच्या वहीत जमा आणि खर्च एकाच पानावर मांडता येतात. पण माणसांच्या वह्या वेगवेगळ्या असतात. समुद्राखालच्या ताऱेवर एका अमेरिकन शिक्षिकेच्या पेन्शनीचे पैसे गेले, आणि त्या तारेवरून माझा भाचा पुण्यात नोकरीस लागला. ही गोष्ट भाच्याने कृतज्ञतेने सांगावी. त्या बाईस धीर देण्यासाठी ती सांगितली तर तिला उद्धटपणाचा वास येतो. फळाची आसक्ती सोडावी हा उपदेश मनुष्याने स्वतःस करावयाचा असतो. दुसऱ्याचे फळ गेल्यावर त्यास करावयाचा नसतो.

आता माझ्या स्वतःच्या वहीचे पान उघडतो. २००० सालचा जानेवारी-फेब्रुवारी असावा. नंदुरबार जिल्हा होऊन दीड वर्ष झाले होते. आमच्या शाळेतील हेडक्लार्क, ज्यांस आम्ही सर्व नाना म्हणत असू, मधल्या सुटीत माझ्याजवळ येऊन बसत. मी इंग्रजी शिकवीत असे व ग्रंथालयात येणारी मासिके वाचीत असे, म्हणून जगातील घडामोडींविषयी माझा शब्द शिक्षकांच्या खोलीत प्रमाण मानला जाई. संगणकाच्या जाळ्याने जग कसे पालटणार आहे, यावर मी त्या दिवसांत रोज व्याख्यान देत होतो. ते जाळे मी तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते, ही गोष्ट कोणी विचारली नाही व मी सांगितली नाही. एके दिवशी नानांनी विचारले, "सर, हे तुम्ही सांगता ते नक्की होणार?" मी म्हणालो, "नक्की होणार, नाना. सूर्य उगवण्याइतके नक्की."

नानांनी मुलीच्या लग्नाकरिता साठविलेले पावणेदोन लाख रुपये होते. त्या दिवसांत असल्याच कंपन्यांत पैसे घालणारे नवे फंड निघत होते. त्यांतील एकाचे दहा रुपयांचे युनिट त्यांनी घेतले. मला हे त्यांनी पेढा देताना सांगितले. मी पेढा खाल्ला. माझी स्वतःची शिल्लक पोस्टात होती व ती पोस्टातच राहिली. २००२ च्या वैशाखात लग्न ठरले तेव्हा युनिटचा भाव साडेतीन रुपये होता. नानांनी युनिट विकले, आणि उणे पडले ते भरून काढण्यासाठी शहाद्याकडील दोन एकर जमीनही विकली. लग्नास मी गेलो होतो. पंगतीत त्यांनी मला आग्रहाने जिलबी वाढली, आणि त्याविषयी एक अक्षर काढले नाही. त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्याच फंडाचा भाव दहाच्या वर गेल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले. ती बातमी मी नानांस दाखविली नाही.

मी खोटे बोललो काय? एकही शब्द खोटा नव्हता. मी लोभाने बोललो काय? मला त्यात एक पैसाही मिळावयाचा नव्हता. पुष्कळ दिवस मी या दोन उत्तरांवर समाधान मानीत होतो. पण मग मिरचीचा व्यापारी मान वर करून आभाळाकडे पाहताना दिसे, आणि समाधान नाहीसे होई. मी नानांस काय होणार ते सांगितले. केव्हा होणार हे सांगितले नाही, कारण ते मला ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणणे माझ्या प्रतिष्ठेस मानवले नसते. भविष्यास मुदत नसते. ते दहा वर्षांनी खरे झाले काय किंवा पन्नास वर्षांनी खरे झाले काय, भविष्य सांगणाराचे त्यात काही जात नाही. उलट जितका उशीर तितकी त्याच्या दूरदृष्टीची वाखाणणी अधिक. पण ज्या पैशाने मनुष्य त्या भविष्यावर विश्वास ठेवतो, त्या पैशास मुदत असते. मुलीचे वय वाढत असते, आईचे औषध उद्या आणावयाचे असते, १ जुलै १८६५ हा दिवस पंचांगात छापलेला असतो. बिनमुदतीचे सत्य मुदतीच्या पैशास विकणे, यात लबाडी नसली तरी काही तरी अपुरेपण आहे, आणि ते अपुरेपण मी विद्वत्तेच्या आवरणाखाली झाकले होते.

पुष्कळ उदाहरणे मी या दृष्टीने पुन्हा पाहिली. ॲमेझॉन कंपनी त्या वादळात का टिकली? तिच्या शेअरचा भाव १९९९ च्या डिसेंबरात शंभर डॉलरांवर होता आणि २००१ मध्ये सहा डॉलरांपर्यंत आला. म्हणजे पडण्यात ती कोणास मागे सरली नाही. तिचे सत्य वेबव्हॅनच्या सत्याहून अधिक खरे होते असेही नाही. किराणा तर आज शहरांत दहा मिनिटांत घरी येतो. मुख्य फरक मला एवढाच दिसतो की, बाजार कोसळण्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २००० मध्ये, तिने युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो उभे करून ठेवले होते. तिने मुदत विकत घेतली होती. ती दूरदृष्टी होती की योगायोग, यावर वाद घालणारे घालोत. आज मात्र तिच्या संस्थापकाची चरित्रे लिहिली जातात, आणि वेबव्हॅनच्या लोकांस, खरेच तेच सांगत असूनही, वेडे म्हणून हसण्यात येते.

यावर कोणी म्हणेल की, मुदत ठाऊक झाल्याखेरीज कोणी बोलूच नये असे ठरविले तर जगात नवे असे काही घडणार नाही. समुद्र समुद्रच राहील, आणि टेंभली नकाशाबाहेरच राहील. हे म्हणणे खरे आहे, आणि त्याचे पुरते उत्तर मजपाशी नाही. प्रेमचंद रायचंदांच्या बाबतीत मला एवढे दिसते की, ज्या आशेवर त्यांनी लोकांस उभे केले तिच्यावर ते स्वतःही उभे होते, आणि ती खचली तेव्हा तेही खाली आले. त्यांच्या चुका असतील, पुष्कळ होत्या असेच इतिहासकार लिहितात; पण त्यांची शिल्लक पोस्टात नव्हती. माझा विश्वास नानांच्या विश्वासाइतकाच प्रामाणिक होता. फक्त तो फुकटचा होता.

गेल्या हिवाळ्यात मी आणि नाना भाजीबाजारात भेटलो. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. नातू पुण्यात संगणकाचेच काही काम करतो. त्यांनी पाव किलो लाल मिरची घेतली, खिशातून फोन काढला, पाटीवर चिकटविलेल्या चौकोनापुढे तो धरला, आणि मिरचीच्या ढिगाआडून एक यंत्र पैसे पोहोचल्याचे मोठ्याने सांगू लागले. विकणाऱ्या बाईने मानही वर केली नाही. नाना माझ्याकडे वळून मनापासून हसले आणि म्हणाले, "तुम्हनं खरं निंघनं, सर."

त्या हसण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मी त्यांच्या हातातील पिशवी घेऊ लागलो. "राहू द्या," ते म्हणाले, "जड नाही," आणि आम्ही स्टेशनच्या रस्त्याने चालू लागलो.